गावाच्या ज्ञानाची नोंदवही कशी करावी: जैविक चाचेगिरीला गावातून उत्तर

हळदीच्या पेटंटची गोष्ट महाराष्ट्रात बहुतेकांनी ऐकलेली असते, पण ती लढाई नेमकी कशाच्या जोरावर जिंकली गेली हे फार थोड्यांना ठाऊक असते. मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याच्या पद्धतीवर अमेरिकेत पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर त्याच वर्षी सीएसआयआर, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद, या सरकारी संस्थेचे महासंचालक झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली संस्थेने १९९६ मध्ये फेरतपासणीची मागणी केली आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. कापलेल्या बोटावर हळद दाबणारी आई आपल्या प्रत्येक घरात होती, पण अमेरिकी पेटंट कार्यालयासमोर ती पुरावा ठरली नाही. त्या वेळच्या अमेरिकी कायद्यानुसार परदेशातले ज्ञान कुठेतरी छापलेले असेल तरच ते ‘आधीपासून ज्ञात’ मानले जाई. नुसता वापर, मग तो कितीही पिढ्यांचा असो, मोजला जात नसे. म्हणून सीएसआयआरला संस्कृत, उर्दू, हिंदीतले जुने उल्लेख आणि भारतीय वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकातला १९५३ चा एक लेख धरून ३२ संदर्भ पुढे ठेवावे लागले. तारीख असलेला कागद होता, म्हणून हळद सुटली.

एखाद्या समाजाचे जैविक धन आणि त्याबद्दलचे ज्ञान त्याला न विचारता नेऊन त्यावर हक्क सांगणे, यालाच जैविक चाचेगिरी म्हणतात. ही लूट नवी नाही. १८७६ मध्ये हेन्री विकहॅम याने ब्राझीलमधून रबराचे सुमारे ७०,००० बी लंडनच्या क्यू उद्यानात नेले आणि त्यांच्या रोपांतून पुढे श्रीलंका व मलाया येथील ब्रिटिश मळे उभे राहिले. आपल्या अंगणातली सदाफुली मूळची मादागास्करची. तिच्यापासून निघालेल्या कर्करोगावरील औषधांनी परदेशी कंपन्यांना मोठा व्यवसाय दिला, पण मादागास्करच्या वाट्याला त्यातले उल्लेखनीय असे काहीच आले नाही. साम्राज्ये गेली तरी ही वाट बुजली नाही. फरक इतकाच झाला की पूर्वी रोप आणि बी नेले जाई, आता रोपाबरोबर त्याच्या उपयोगावरचा हक्कही नेला जातो.

या वाटेवर गावाने स्वतः लावता येईल असे एक कुंपण आपल्या कायद्यात आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असून त्या समितीने लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. ही नोंदवही कशी केली म्हणजे ती खरोखर गावाच्या कामी येते, आणि कशी केली तर उलट बाहेरच्या माणसाच्या हाती तयार यादी पडते, हे येथे सांगायचे आहे. सह्याद्रीच्या पायथ्याच्या काही गावांत या कामात हातभार लावताना आमच्याकडून झालेल्या चुकाही त्यात आल्या आहेत.

आधी जुनी वही शोधा

राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये सर्व राज्यांना ३१ जानेवारी २०२० पर्यंत समित्या व नोंदवह्या पूर्ण करण्याची मुदत घातली होती आणि विलंबासाठी दरमहा १० लाख रुपये भरण्याची ताकीद दिली होती. हेतू चांगला होता, पण त्या धावपळीत कित्येक वह्या गावात न बसता, तालुक्याच्या ठिकाणी संगणकावर तयार झाल्या. त्यामुळे आपल्या ग्रामपंचायतीत अशी वही आधीपासून कपाटात असण्याची बरीच शक्यता आहे. ती ग्रामसेवकांकडून मागून घ्या आणि दोनच गोष्टी तपासा: माहिती देणाऱ्या माणसांची नावे तिच्यात आहेत का, आणि झाडांची नावे गावात बोलली जातात तीच आहेत का. शेजारच्या गावाच्या वहीतली पाने तशीच्या तशी उतरलेली दिसली, तर दुरुस्तीत वेळ घालवू नका. नवीन वही सुरू करा.

समितीचेही तसेच आहे. २००४ च्या केंद्रीय नियमांनी समितीत किमान एक-तृतीयांश महिला आणि किमान १८ टक्के अनुसूचित जाती-जमातींचे सदस्य असावेत असे सांगितले. माझे मत याहून पुढचे आहे. ज्या बाया रानभाजी वेचतात, बियाणे राखेत घोळून ठेवतात, ज्या सुईणींना आणि वैदूंना लोक रात्रीबेरात्री बोलवायला जातात, ज्या गुराख्याला कोणते जनावर काय खाऊन फुगते हे माहीत असते, ती माणसे समितीत नसतील तर समिती असून नसल्यासारखी आहे. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३ मध्ये जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावरील सामूहिक हक्क स्पष्टपणे मान्य केलेला आहे. गावाला सामूहिक वनहक्क मिळालेला असेल तर वनव्यवस्थापन समिती आणि ही समिती यांनी एकत्र बसावे, म्हणजे जंगलाचा नकाशा आणि नोंदवही एकमेकींना धरून राहतील.

काय लिहायचे, काय मिटून ठेवायचे

पेन हातात घेण्यापूर्वी सोडवायचा हा सर्वांत अवघड प्रश्न आहे आणि यातच आमची पहिली चूक झाली. हळदीच्या प्रकरणावरून आम्ही असा धडा घेतला होता की जे जे माहीत आहे ते ते सगळे लिहून जाहीर करावे. तो अर्धाच धडा होता. परदेशी पेटंट कार्यालयासमोर लोकांना उपलब्ध असलेला, तारीख असलेला मजकूर पुरावा ठरतो, हे खरे आहे. पण तोच मजकूर संशोधनाला कोठून सुरुवात करावी हेही सांगतो. एखादे मूळ कोणत्या आजारावर चालते हे कळले की प्रयोगशाळेचा पुष्कळ शोध वाचतो, आणि पेटंट मग मुळावर न घेता त्यातून वेगळ्या केलेल्या द्रव्यावर घेतले जाते, ज्याच्याविरुद्ध गावाची जुनी नोंद पुरी पडत नाही.

दक्षिण आफ्रिकेतील सान लोकांचा अनुभव येथे लक्षात घेण्यासारखा आहे. लांबच्या शिकारीत भूक मारण्यासाठी ते हुडिया नावाची मांसल वनस्पती चघळत. त्या देशातील सरकारी संशोधन संस्थेने १९९५ मध्ये तिच्यातील द्रव्यावर पेटंट मागितले आणि पुढे एका ब्रिटिश कंपनीला परवाना दिला. ज्यांचे ज्ञान होते त्या सान लोकांना कोणी विचारले नाही. त्यांनी संघटित होऊन भांडल्यावर मार्च २००३ मध्ये करार झाला आणि संस्थेला मिळणाऱ्या स्वामित्वधनाचे ६ टक्के त्यांना देण्याचे ठरले, पण नंतर मोठ्या कंपन्यांनी एकामागून एक अंग काढून घेतले आणि टक्के कागदावरच राहिले. सान लोकांनी त्यातून घेतलेला बोध मला फार मोलाचा वाटतो. २०१७ मध्ये त्यांनी संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली. मान, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी आणि समाजाने ठरवून दिलेली रीत, एवढ्या पाच गोष्टी पाळणाऱ्यालाच दार उघडे राहील, असे ती सांगते. रॉयबॉस चहाच्या उद्योगाशी २०१९ मध्ये झालेल्या करारात सान आणि खोई लोकांना शेतावरच्या किमतीच्या १.५ टक्के हिस्सा मिळाला, तो याच चिकाटीचा परिणाम आहे.

म्हणून आता आम्ही वहीचे दोन भाग करतो. पंचक्रोशीत सर्वांना माहीत असलेली माहिती उघड्या भागात जाते: पिकांच्या जाती, रानभाज्या, चाऱ्याची गवते, मासे, देवराया, घरगुती काढे. हे आधीच सर्वांचे आहे, ते जितके जाहीर तितके बरे. एखाद्या घराण्याकडे किंवा एकाच वैदूकडे असलेली माहिती मिटलेल्या भागात जाते, आणि तीही त्या माणसाची तयारी असेल तरच. तेथे उघड्या भागात फक्त एवढे लिहायचे: ‘या वाडीत सर्पदंशावर उपचार जाणणारे एक कुटुंब आहे, तपशील समितीकडे बंद आहे.’ मात्र मिटलेला भाग परदेशी पेटंटविरुद्ध पुरावा म्हणून सहसा चालणार नाही, कारण तो लोकांना उपलब्ध नव्हता. ही जोखीम माहिती देणाऱ्याला आधी समजावून सांगा आणि निर्णय त्याच्यावर सोडा. भारतात मात्र परिस्थिती थोडी बरी आहे. पेटंट कायद्याच्या कलम २५ नुसार स्थानिक समाजात तोंडी चालत आलेले ज्ञानही हरकतीचा आधार होऊ शकते.

प्रत्यक्ष नोंद

एका वाडीत आम्ही पोटाच्या दुखण्यावरच्या औषधांची नोंद करत होतो. सत्तरी ओलांडलेल्या एका आजींनी सांगितले की कुड्याचे पाळ ताकात उगाळून देतात. आमच्यातल्या मुलाने ‘कुडा, मूळ, ताक’ असे लिहून पान उलटले. आजींनी वही आपल्याकडे ओढली. “कंचा कुडा लिवलास?” त्यांनी विचारले. मग त्या उठल्या, बांधावर गेल्या आणि दोन फांद्या घेऊन आल्या. दोन्हींतून पांढरा चीक गळत होता, दोन्हींना लांब, बारीक, जोडीने लोंबणाऱ्या शेंगा होत्या. एका फांदीवरच्या जोडीची टोके एकमेकींना चिकटलेली होती. दुसरीवरच्या दोन्ही शेंगा सुट्या होत्या. “ही सुटी हाय ना, त्यो पांढरा कुडा. औषधाला त्योच. ह्यो टोकं जोडलेला काळा कुडा, त्याचं पाळ द्येऊ नगंस.” ‘कुडा’ एवढाच शब्द लिहून आम्ही निघालो असतो, तर वहीत होलारेना प्यूबेसेन्स (पांढरा कुडा) आहे की राइटिया टिंक्टोरिया (काळा कुडा), हे दहा वर्षांनी कोणालाच सांगता आले नसते, आणि अशा नोंदीचा कोणत्याही कार्यालयात काडीचा उपयोग झाला नसता.

तेव्हापासून आमची पद्धत अशी आहे. ज्या नावाने माणूस झाड ओळखतो ते नाव त्याच्या उच्चारातच लिहायचे, त्याखाली शेजारच्या गावांतली नावे, आणि मग तो त्या झाडाला त्याच्यासारख्या दिसणाऱ्या झाडापासून कसे वेगळे ओळखतो ते त्याच्याच शब्दांत. ‘ब्राह्मी’ म्हणून कोणी एका वेलीकडे बोट दाखवतो तर कोणी मंडूकपर्णीकडे, त्यामुळे नावावर भरवसा ठेवून चालत नाही. नंतर झाडाचा कोणता भाग, कोणत्या महिन्यात, कोणी तोडायचा, तोडताना काय सोडायचे, कशात मिसळायचे, कोणाला द्यायचे नाही. तोडण्याचे नियम बहुतेक लोक सांगायचे विसरतात, आपणही विचारायचे विसरतो, आणि खरे शहाणपण तर त्यांतच असते.

प्रत्येक झाडाचा नमुना ठेवा. फूल किंवा फळ असलेली हातभर फांदी वर्तमानपत्राच्या घडीत पसरून दोन फळ्यांमध्ये दाबावी, पहिला आठवडाभर कागद रोज बदलावा, पावसाळ्यात तर दिवसातून दोनदा, नाहीतर बुरशी धरते. कागदावर ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव आणि वहीतला अनुक्रमांक लिहावा. शास्त्रीय नाव स्वतः तर्काने लिहू नये. जवळच्या महाविद्यालयाचा वनस्पतिशास्त्र विभाग, पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र किंवा आघारकर संशोधन संस्था येथून ओळख पटवून घ्यावी. पुढे पेटंट शोधताना हेच नाव लागणार आहे.

सांगणाऱ्याचे नाव लिहिण्याबद्दल आग्रह धरतो, कारण त्याने काय साधते याचा फार जुना दाखला आहे. सतराव्या शतकात कोचीनच्या डच गव्हर्नराने मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. त्याला माहिती देणाऱ्या इट्टी अच्युतन या वैद्याची, तसेच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांची निवेदने त्यात छापली आहेत, आणि कोकणी वैद्यांचे निवेदन नागरी लिपीत, १६७५ सालच्या तारखेचे आहे. ज्ञान परक्यांच्या हाती गेले, तरी ते कोणाचे होते हे साडेतीनशे वर्षांनंतरही सिद्ध करता येते. मात्र कोणी नाव नको म्हटले तर ते मिटलेल्या भागात ठेवा.

वही सुट्या पानांची नको, शिवलेली हवी. प्रत्येक पानाला क्रमांक, खाली सांगणाऱ्याची आणि लिहिणाऱ्याची सही किंवा अंगठा. भरलेल्या भागाचे ग्रामसभेत वाचन करून ठराव करावा आणि त्यात कोणत्या पानापासून कोणत्या पानापर्यंत वाचले ते लिहावे, म्हणजे वहीची तारीख सरकारी इतिवृत्तात बसते.

बाहेरचा माणूस आला तर

विद्यार्थी असो, संस्थेचा माणूस असो की कंपनीचा एजंट, पहिला प्रश्न एकच: कोणासाठी आलात आणि लेखी काय आणले आहे? परदेशी व्यक्ती, परदेशी कंपनी किंवा परकीय नियंत्रणाखालची भारतीय कंपनी यांना जैविक साधने अथवा त्यांच्याशी निगडित ज्ञान घेण्यापूर्वी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. व्यापारी वापरासाठी गोळा करणाऱ्या भारतीय कंपनीने राज्य मंडळाला कळवावे लागते. आपले मंडळ नागपूरला आहे. गावातले लोक आणि परंपरेने उपचार करणारे वैदू यांना मात्र यातून सूट आहे, त्यामुळे ‘हा कायदा तुमच्याच विरुद्ध आहे’ असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. परवानगीचा निर्णय घेताना प्राधिकरणाने आणि मंडळाने स्थानिक समितीशी विचारविनिमय करायचा असतो. ते पत्र ग्रामपंचायतीत येते आणि पुष्कळदा फाईलमध्ये पडून राहते. तुमचे उत्तर लेखी, ठरावासह गेले पाहिजे.

व्यापारी संकलनावर समितीला शुल्क आकारता येते आणि कोणाला काय नेऊ दिले, किती शुल्क घेतले याची वेगळी नोंदवही ठेवावी लागते. ही दुसरी वही सर्वाधिक दुर्लक्षित असते. सह्याद्रीतल्या नरक्याचे काय झाले ते पाहा: कर्करोगावरील औषधांना लागणारे कॅम्प्टोथेसिन त्यात असते, म्हणून गेल्या काही दशकांत त्याची झाडेच्या झाडे चोरून तोडली गेली, लाकडाचे तुकडे पोत्यांतून बाहेर गेले आणि गावाच्या हाती तोडणीची मजुरी तेवढी राहिली. पोते भरून गाडी निघते तेव्हा गाडीचा क्रमांक, मालाचे वजन आणि नेणाऱ्याचे नाव लिहिणारे कोणीतरी नाक्यावर हवे.

करार करण्याची वेळ आली तर वकिलाला इथिओपियाच्या टेफची हकिकत आधी सांगा. टेफ हे त्या देशाचे मुख्य धान्य. २००५ मध्ये इथिओपियाने एका डच कंपनीशी लाभवाटपाचा, म्हणजे मिळकतीतला हिस्सा देण्याचा, करार केला. २००९ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत निघाली, आणि टेफच्या पिठावरचे पेटंट मात्र त्याच वर्तुळातल्या दुसऱ्या कंपनीकडे सुखरूप राहिले, जिला कराराचे बंधन नव्हते. ते पेटंट नेदरलँड्सच्या न्यायालयाने अवैध ठरवायला २०१८ उजाडले. म्हणून करारात हे हवेच: हक्क कोणाकडेही गेले तरी बंधन त्यांच्याबरोबर जाईल, गावाला न विचारता पेटंटचा अर्ज करता येणार नाही, नमुने तिसऱ्या माणसाला देता येणार नाहीत, आणि पहिली रक्कम नफ्याची वाट न पाहता नमुने घेतानाच दिली जाईल.

२०२३ च्या दुरुस्तीने कायदा काही ठिकाणी सैल झाला आहे. तुरुंगवासाची तरतूद जाऊन आता केवळ दंड उरला आहे, आणि ग्रंथांत नोंदलेल्या पारंपरिक ज्ञानाच्या वापराला लाभवाटपातून सूट मिळाली आहे. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये, भारतीय कंपन्यांनीही गावांना हिस्सा दिलाच पाहिजे असा निर्णय दिला होता; त्यानंतर ही सूट यावी याचे मला वाईट वाटते, आणि गावांनी राज्य मंडळाकडे ते स्पष्ट शब्दांत कळवावे असे मला वाटते.

पेटंटवर नजर

समितीतल्या एखाद्या तरुणाकडे हे काम द्यावे. वर्षातून दोनदा, वहीतल्या महत्त्वाच्या वीस-पंचवीस झाडांची शास्त्रीय नावे भारतीय पेटंट कार्यालयाच्या आणि जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या पेटंटस्कोप या विनामूल्य शोधसुविधांत टाकून पाहावीत. भारतात अर्ज साधारणतः १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो आणि तेव्हापासून पेटंट मंजूर होईपर्यंत कोणीही फॉर्म ७ए भरून हरकत घेऊ शकतो. २०२४ च्या नियमांपासून त्याला शुल्क लागते. मंजुरीनंतर हितसंबंधितांना एक वर्षाची मुदत असते. युरोपात मंजुरीनंतर ९ महिने असतात. कडुनिंबाच्या बुरशीनाशकावरील युरोपीय पेटंट १९९४ मध्ये अमेरिकी कृषी खाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस या कंपनीला मिळाले होते. पर्यावरण कार्यकर्त्या वंदना शिवा, युरोपीय संसदेच्या सदस्य माग्दा एलव्होत आणि सेंद्रिय शेतीच्या जागतिक महासंघाने त्यावर हरकत घेतली, २००० मध्ये ते रद्द झाले आणि अपील २००५ मध्ये फेटाळले गेले. दहा वर्षे लागली. हरकत मुदतीत पोचली होती म्हणूनच ती लढता आली. खर्चाचे आणि भाषेचे काम एका गावाला झेपणारे नसते, तेव्हा वहीतल्या संबंधित पानांच्या साक्षांकित प्रती राष्ट्रीय प्राधिकरणाकडे आणि सीएसआयआरच्या पारंपरिक ज्ञान संगणकीय ग्रंथालयाकडे पाठवाव्यात. त्या ग्रंथालयाचा भर ग्रंथांवर आहे. आजींचे पाळ आणि ताक त्यात आपोआप जाणार नाही.

कामाचे वेळापत्रक ग्रामसभांशी जुळवले तर सोपे जाते. १ मेच्या ग्रामसभेत समिती आणि वहीच्या दोन भागांचा ठराव करावा, कारण तेव्हा कुडा फुलावर असतो आणि पहिले नमुने लगेच दाबता येतात. पावसाळ्यात रानभाज्या, गवते आणि भाताच्या जाती आटोपून २ ऑक्टोबरला पहिले वाचन ठेवावे. शेंगा आणि बिया पौष-माघात मिळतात, त्यांसाठी दुसरी फेरी करावी लागते, आणि २६ जानेवारीला तोपर्यंतची पाने वाचून दाखवल्यावर दुरुस्त्या सुचवायला बायका पुढे येतात. तेव्हा शेवटची काही पाने कोरी ठेवा.